भिंत धरून बारा

"यष्टिरक्षक कुठाय? अहो, मी विचारतोय, यष्टिरक्षक कुठाय?"

बँकेतले साहेब खुर्चीवरून उठून ओरडत होते. आवाज असा की मंडळाच्या गणपतीच्या हातातला मोदक हलला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्याला खोटं वाटतं त्याने त्या वर्षी आमच्या मांडवात हजर असल्याचा पुरावा आणावा.

"अकरा आहेत साहेब! मोजून घ्या!" मीही ओरडलो.

"अकरा असून काय उपयोग? स्टंपच्या मागे कोण उभं राहणार? गणपती?"

सगळा हॉल हसला. काशीतल्या मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीतला आमच्या मराठी मंडळाचा हॉल, साठ माणसांचा, त्यात त्या दिवशी किमान सहाशे होती. मी बोटांवर मोजू लागलो. सहा फलंदाज, एक अष्टपैलू, चार गोलंदाज. पुन्हा मोजलं. तेच. जगाच्या आरंभापासूनचा सर्वश्रेष्ठ एकदिवसीय संघ आम्ही अकरा दिवस भांडून निवडला होता, आणि त्यात विकेटकीपर नव्हता.

माझ्या शेजारी काका बसले होते. शाल खांद्यावर, हात मांडीवर, चेहरा कोरा.

आता हे झालं कसं, ते सांगतो. दोष आमचा नाही, भिंतीचा आहे.

आम्ही घाटावर क्रिकेट खेळून वाढलेली माणसं. संकठा घाटाच्या वरच्या फरशीवर आमचं मैदान: रुंदी एका म्हशीएवढी, लांबी दोन म्हशींएवढी, आणि बहुतेक वेळा त्या तीन म्हशी तिथे असायच्याच. बॉल गंगेत गेला की बॅट्समन आऊट, आणि उडी त्यानेच मारायची. आमचा एक बॉल असाच गेला तो तीन दिवसांनी पाटण्याला सापडला, असं आमचा नावाडी शपथेवर सांगायचा. बॅट्समनच्या मागे उभी दगडी भिंत, तिच्यावर गेरूने काढलेले तीन स्टंप. कट लागून बॉल थेट भिंतीवर आपटला की कॉट बिहाइंड. म्हणजे आमची विकेटकीपर ती भिंतच. तिने जन्मात कॅच सोडला नाही, अपील केलं नाही, पाणी प्यायला गेली नाही. पंचवीस वर्षं ती मागे उभी होती म्हणून आमच्यापैकी एकालाही मागे कुणी उभं करायचं असतं हे सुचलं नाही. त्यात भाद्रपद. गंगा चढलेली, घाट पाण्याखाली, भिंत पाण्याखाली. डोळ्यांसमोर असती तर कदाचित आठवलीही असती.

स्पर्धेचं कारण होतं टीव्ही. नागपूरच्या एका यजमानांचं कसलंसं अनुष्ठान आमच्या गुरुजींनी केलं, त्यांचं काम झालं, आणि त्यांनी खूष होऊन मंडळाला एक रंगीत टीव्ही दिला. केवढा? खोक्यात आमच्या आत्याचा संसार मावला असता. आता हा ठेवायचा कुठे? आम्ही म्हणालो, हॉलमध्ये. सिगऱ्याकडच्या नव्या वस्तीत राहणारी बदलीवरची मंडळी म्हणाली, आमच्या कॉलनीत, तिथे वीज टिकते. ही मंडळी म्हणजे बँक, रेल्वे, विद्यापीठ. त्यांचे पुढारी बँकेतले साहेब. मूळ पुण्याचे, तीन वर्षांपूर्वी इथे आले, आणि आमचं मराठी ऐकून त्यांना रोज पित्त व्हायचं.

"तुम्ही लोक हिंदीत विचार करता आणि मराठीत थुंकता," असं एकदा ते मला म्हणाले.

"पान असतं ना साहेब तोंडात," मी म्हणालो.

उत्सवात भांडण नको म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी तोडगा काढला. अध्यक्ष संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, कान तल्लख, डोळे सदा मिटलेले. ते म्हणाले, पाच महिन्यांवर वर्ल्ड कप आलाय, त्यासाठीच तुम्हाला हा डबा हवा ना? मग दोन्ही बाजूंनी सर्वकालीन सर्वोत्तम एकदिवसीय संघ निवडा. गणपतीसमोर तोंडी सादर करा. ज्यांचा संघ सरस, टीव्ही त्यांच्याकडे. आणि एकदा म्हटलं की बदल नाही, नंतर "हे राहिलं, ते राहिलं" चालणार नाही.

मला तो टीव्ही काकांसाठी हवा होता. नुसता हवा नव्हता, मी तो आणणारच होतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. घनपाठी. वेद पाठ असणारे काशीत गल्लोगल्ली सापडतात, पण घनपाठी वेगळा: शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे विणत जायचे, की हजार वर्षांत एक अक्षर गळू नये आणि एक घुसू नये. काकांना दुसरा नाद एकच, रेडिओवरची कॉमेंट्री. वन-डे सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक सामना त्यांनी ऐकलेला, आणि ऐकलेलं विसरणं त्यांना जमतच नसे. तुम्ही म्हणा, अमक्या सामन्याची बत्तिसावी ओव्हर. काका डोळे मिटायचे आणि सहाच्या सहा बॉल सांगायचे, शिवाय मध्ये कॉमेंट्रीवाला खोकला असेल तर तोही खोकला.

पण त्यांनी क्रिकेट पाहिलं नव्हतं. एक बॉलसुद्धा नाही. गल्लीत टीव्ही होते, पण सगळे तिसऱ्या मजल्यावर; खालचे मजले ओलीचे आणि अंधारे. तिथले जिने असे की मांजरालाही आडवं होऊन जावं लागतं, आणि काकांचे दोन्ही गुडघे कधीचे गेलेले. मंडळाचा हॉल मात्र तळमजल्यावर, काकांच्या दारापासून पंधरा पावलं. मी मोजली होती. त्यात त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेला होता, डाव्याच्या कडा गेल्या होत्या, मध्ये एक वाटोळी जागा शिल्लक होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"हा एक वर्ल्ड कप टिकेल," काका म्हणाले, जणू बॅटरीच्या सेलबद्दल बोलताहेत.

तर अकरा दिवस आम्ही पाच जण मंगला गौरीच्या पायऱ्यांवर बसून भांडलो. नावं इथे देत नाही. बरेच जण अजून हयात आहेत, आणि वगळलेल्यांना कळलं तर उगाच वाईट वाटेल. सलामीला कोण यावर दोन दिवस गेले. पहिल्या पंधरा ओव्हर सर्कलबाहेर दोघेच, म्हणजे फोडणारा हवा, असं एकाचं मत. पन्नास ओव्हर उभा राहणारा हवा, असं दुसऱ्याचं. त्यावरून दोन मित्रांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं, ते दिवाळीपर्यंत. मग पाचवा गोलंदाज. मग शेवटच्या पाच ओव्हरींत यॉर्कर कोण टाकणार. एका खांबाएवढ्या वेस्ट इंडियनसाठी मी इतका ओरडलो की देवळाचे पुजारी बाहेर येऊन म्हणाले, "गुरू, घंटा तो सुनाई देने दो."

अडलं की आम्ही काकांच्या ओसरीवर जायचो, साक्ष काढायला.

"काका, हा दडपणाखाली कसा खेळतो?"

"बॅटीचा आवाज बदलत नाही," काका म्हणायचे.

झालं, तो संघात. जे विचारलं त्याचं उत्तर मिळायचं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

सादर करायची युक्ती माझी. संस्कृतच्या प्राध्यापकाला जिंकायचं तर वहीतून यादी वाचून कसं चालेल? काकांनी आमचा संघ घनात म्हणायचा! काका आधी तयार होईनात. परदेशी नावं, उच्चार चुकला तर? मग आम्ही प्रत्येक खेळाडूला नावाऐवजी एक खूण दिली, आणि पठण वेदाचं नाही, नुसती चाल त्या पद्धतीची, असं पटवल्यावर काकांनी मान हलवली.

तो दिवस आला. कॉलनीवाल्यांचा संघ सादर झाला, मग आमची पाळी. आधी मी एकेकाची ओळख करून दिली, जरा मीठ लावून, आणि मग काकांनी सुरुवात केली:

"डावखुरा जबडा, जबडा डावखुरा, डावखुरा जबडा मिशी, मिशी जबडा डावखुरा, डावखुरा जबडा मिशी. जबडा मिशी, मिशी जबडा, जबडा मिशी टोपी, टोपी मिशी जबडा, जबडा मिशी टोपी…"

काय सांगू! हॉल गार. अध्यक्षांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडले. गल्लीतून चाललेला एक बैल आत मान घालून उभा राहिला तो शेवटपर्यंत हलला नाही. काका थांबले तेव्हा टाळ्यांनी पंखा फिरू लागला, आणि वीज तर सकाळपासून गेलेली होती. टीव्ही आमचा झाला म्हणून मी मनात पंधरा पावलं मोजूनही टाकली.

आणि तेवढ्यात साहेब ओरडले.

मी हार मानणारा नव्हे. हॉल हसत असतानाच मी म्हणालो, "यष्टिरक्षक आहे! साहेबांना घनपाठ कळत नाही, म्हणून ऐकू आला नाही. काका, पुन्हा म्हणा." आणि म्हणताना काकांचा गुडघा हळूच दाबला. आता एवढ्या उलटसुलट विणकामात एक बारावी खूण घालून एक फलंदाज गाळायला काकांना कितीसा वेळ? "मिशी" काढून "हातमोजे" घातले असते तरी सहाशेतल्या एकाला पत्ता लागला नसता.

काकांनी पुन्हा म्हटलं. डावखुऱ्यापासून शेवटच्या खांबापर्यंत. तेच अकरा, त्याच क्रमाने, त्याच सुरात. एक गळला नाही आणि एक घुसला नाही.

"आता?" साहेब म्हणाले.

"आमच्याकडे भिंत असते," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"काय असते?"

"भिंत. मागे."

यावर जे हसले ते अजून हसत असतील. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लॉर्ड्सवर नेणार का हो ही भिंत? विमानाने का बोटीने?"

"तुमच्या संघात सात मुंबईचे आहेत, ते कसे नेणार?" मी म्हणालो. खरंच होते. जगातल्या अकरांत सात मुंबईचे, आणि आठवा फक्त लग्नाला मुंबईला आला होता म्हणून.

अध्यक्षांनी हात वर केला. "सातांबद्दल मला शंका आहे. पण त्यांच्याकडे यष्टिरक्षक आहे. म्हटलेलं बदलत नाही. टीव्ही कॉलनीत."

परतताना मी काकांना हाताला धरून चालवत होतो. पंधरा पावलं. मला वाटलं ते काही बोलतील. दाराशी ते थांबले आणि म्हणाले, "रेडिओचे सेल घेऊन ये. दोन."

आत्या मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती काकांची बहीण, पंच्याहत्तर वर्षांची, तीच घर चालवायची. "अकरा दिवस घातलेत, आणि एक माणूस सापडला नाही मागे उभा करायला? गौरीला हळदीकुंकवाचं आमंत्रण मी एका तासात गल्लीभर करते, एक बाई सुटत नाही."

"आणू काकांना टीव्हीपाशी," मी म्हणालो. "टीव्ही इथे येत नाही ना, काका तिथे जातील."

"कसे? उडून?"

कसे ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जाणार हे माहीत होतं.

थंडी सरली, वर्ल्ड कप लागला. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, सायकलसुद्धा पोट आत घेऊन जाते. चौकातल्या रस्त्यापर्यंत तीनशे पायऱ्या आणि चौदा वळणं. काकांना चालवत नव्हतं, पाठीवर बसायला ते तयार नव्हते. मग मी ठरवलं: आत्याची वेताची खुर्ची, दोन बांबू, चौघे जण.

बांबू कुठे मिळतात? मणिकर्णिकेच्या वाटेवर, स्मशानाच्या तोंडाशी. सकाळी गेलो तर दुकानदाराने न विचारताच दोन सरळ बांबू काढले, वर सुतळी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "कब गए?"

"अभी नहीं गए. दस बजे जाएँगे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुतळी तिथेच टाकून पळालो.

दारात बांबू पाहून आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, काही लाज? ते आत बसून दूध पिताहेत अजून!"

पण काका बाहेर आले. धुतलेलं धोतर, नवी शाल, खिशात रेडिओ. खुर्चीत बसले, म्हणाले, "उचला." आणि आम्ही, पायऱ्यांवर अकरा दिवस भांडलेल्या पाचांपैकी चौघे, त्यांना खांद्यावर घेऊन निघालो. पाचवा पुढे "हटो भइया, हटो" करत.

आता काशीत चार माणसं खांद्यावर बांबू घेऊन निघाली तर लोक काय समजणार? दुकानं गप्प झाली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. एका कचोरीवाल्याने कढईतला झारा वर धरून हात जोडले. वळणावर एक म्हातारा सवयीने म्हणून गेला, "राम नाम सत्य है."

काकांनी वरून हात केला. "अभी नहीं भइया. मैच देख के."

तो म्हातारा जो भिंतीला टेकून बसला, तो माझ्या माहितीप्रमाणे संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

चौकातून रिक्षा करून कॉलनीत पोचलो तर बँकेतले साहेब स्वतः फाटकाशी उभे. मी भांडायच्या तयारीतच होतो. आमच्याकडे एक नजर, बांबूंकडे एक, आणि साहेबांनी वहाणा काढल्या, काकांना वाकून नमस्कार केला आणि आत ओरडले, "पुढची खुर्ची रिकामी करा! आधी माणसं हलवा, मग चहा!" भारताचा सामना नव्हता, दोन परक्या देशांचा होता, तरी खोली गच्च भरलेली. सगळे सरकले. काका टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले. त्यांनी मान जरा उजवीकडे वळवली, पुन्हा थोडी आणली, डाव्या डोळ्यातली ती वाटोळी जागा पडद्यावर बसवली, आणि मग ते हलले नाहीत.

मी पडदा पाहिलाच नाही, काकांना पाहत होतो. दर बॉलला त्यांचं डोकं किंचित खाली जायचं आणि वर यायचं. चौकार गेला, खोली ओरडली, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. फलंदाज बाद झाला, त्याच्याकडे पाहिलं नाही. डोकं खाली, डोकं वर. मला वाटलं, झालं, दिसतच नाहीये काही. इतकं करून उशीरच झाला.

"काका, दिसतंय ना?" मी कानाशी विचारलं.

"मधलं दिसतं," ते म्हणाले. "तो मागे बसलाय तो दिसतो."

"विकेटकीपर?"

"दर चेंडूला बसतो रे हा. बसतो आणि उठतो. पन्नास ओव्हर. तीनशे वेळा." त्यांनी दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले. "इतकी वर्षं ऐकतोय. हे कुणी सांगितलं नाही."

मधल्या सुट्टीत साहेबांनी चहा आणला. काकांनी घेतला नाही. म्हणाले, दुसरा कसा बसतो तेही पाहू दे. दुसऱ्या डावात दुसऱ्या संघाचा कीपर आला, काकांचं डोकं पुन्हा खाली-वर. मोजत होते. त्यांनी मला दोन्ही आकडे सांगितले, वाइड आणि नो-बॉल धरून, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या ओव्हरी मी गुणून, त्यात ते मिळवून पाहिल्या तर एकाचाही फरक नव्हता. ही एवढी गोष्ट मी वाढवून सांगत नाहीये.

परत येताना चौकापर्यंत रिक्षात मी आणि काका, बाकीचे बांबू घेऊन मागच्या रिक्षात. ऊन उतरलं होतं. काका खुशीत होते. खुशीत असले की ते बोटांनी मांडीवर स्वर धरायचे. गिऱ्हाईक नसलेल्या मंडईतून रिक्षा चालली होती. माझ्या पोटात भाद्रपदापासून एक गोष्ट अडकली होती, ती तिथे बाहेर आली.

"काका, त्या दिवशी हॉलमध्ये… आपल्या संघात कीपर नव्हता, ते तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"कधी?"

"तुम्ही खुणा सांगितल्यात तेव्हाच."

मी रिक्षातून पडायचा राहिलो. "मग बोलला का नाहीत? टीव्ही तुमच्याच दाराशी आला असता! पंधरा पावलांवर!"

काकांनी मांडीवरचा स्वर पुरा केला.

"म्हणायला सांगितलं होतंत," ते म्हणाले. "तपासायला नव्हतं सांगितलं."